अर्धं तिकीट

माणसाच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींची वयं आपल्या पूर्वजांनी ठरवून ठेवली आहेत. उष्टावण सहाव्या महिन्यात, जावळ पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी, मुंज आठव्या वर्षी. पूर्वजांच्या नजरेतून जे सुटलं ते सरकारनं हाती घेतलं. पहिलीला सहा वर्षं, मताला अठरा. (आमच्या वेळी एकवीस लागायची. ती अठरावर आली १९८९ साली, म्हणजे माझी तिशी झाल्यावर. सरकारी सवलतींचं आणि माझं हे असंच आहे.) एसटीत पाच ते बारा अर्धं तिकीट, पासष्टीला पुन्हा अर्धं आणि पंचाहत्तरीनंतर पाच वर्षांखालच्या पोरासारखं एकदम फुकट. माणूस म्हातारपणी पुन्हा मूल होतो हे सत्य महाराष्ट्रात फक्त एसटी महामंडळानं दरपत्रकात छापलेलं आहे.

पण लहान मुलांना डिस्नेच्या त्या मायानगरीत कुठल्या वयात न्यावं, याबद्दल ना मनू काही बोलला आहे, ना महाराष्ट्र शासन.

वास्तविक हा प्रश्न मला पडण्याचं काही कारण नव्हतं. परंतु चिरंजीव न्यू जर्सीत असतात, त्यांना एक कन्या आहे, आणि खाली फ्लोरिडात, पुण्याहून दिल्ली गाठावी इतक्या अंतरावर, ऑर्लँडोला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा पसारा, त्यात चार वेगवेगळी उद्यानं. एप्रिलात आम्ही दोघं तिकडे जाणारच आहोत, तेव्हा सगळे मिळून जाऊ, असं चिरंजीवांचं म्हणणं. नातीला तेव्हा तीन पुरी व्हायला आठवडा असेल, आणि तिथं तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही. तीन ते नऊ बालक, दहापासून प्रौढ. आणि बालकाच्या नि प्रौढाच्या तिकिटात फरक म्हणाल तर तोंडी लावण्यापुरता. तेव्हा फुकटात होतंय ते आत्ताच उरकावं. मुलगा अमेरिकेत गेला तरी सदाशिव पेठ त्याच्यातून गेली नाही, हे ऐकून मला भरून आलं.

सूनबाईंचा मुद्दा वेगळा. "बाबा, तिला यातलं काही आठवणार आहे का? एवढा खर्च करायचा आणि पुढं ती विचारणार, आई, आपण कधी गेलो होतो? त्यापेक्षा सहा-सात वर्षांची झाली की नेऊ. उंचीही होईल." उंचीचा मुद्दा खरा आहे. तिथल्या स्पेस माउंटन नावाच्या अंधारातल्या घसरगाडीला चव्वेचाळीस इंच उंची लागते. नात अजून तीन फुटांच्या आसपास घुटमळते आहे.

मग दोघांनी मला पंच नेमलं. "बाबा, तुम्ही तटस्थ आहात." ज्याचं तिकीट दुसरा काढणार असतो, त्याला आमच्या घरात तटस्थ म्हणतात.

आता आठवणींची गोष्ट. मोठ्या माणसांना आपली सगळ्यात जुनी आठवण विचारली तर ती साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची निघते. त्याअलीकडं सगळी पाटी कोरी. गंमत म्हणजे ती आधीपासून कोरी नसते. पाच वर्षांच्या पोराला तिसऱ्या वर्षीचं पुष्कळ सांगता येतं. तेच पोर आठ-नऊ वर्षांचं होईतो त्यातलं बरंचसं पुसून जातं. म्हणजे सूनबाई शास्त्राला धरून बोलत होत्या.

पण शास्त्राची मुदत उलटून गेल्यावर तरी आठवतं काय? चिरंजीव पाच वर्षांचे असताना आम्ही त्यांना एस्सेलवर्ल्डला नेलं होतं. १९८९ साली ते निघालं, आणि आम्ही गेलो १९९३ साली. बोरिवलीहून लाँचनं गोराईची खाडी ओलांडून. माझ्या त्या वेळच्या पगाराच्या मानानं तो खर्च म्हणजे छोटीशी सोडमुंजच होती. परवा फोनवर मी मुद्दाम विचारलं, "तुला एस्सेलवर्ल्ड आठवतं का रे?" "आठवतं की! दोरीवर बोंबील वाळत घातले होते." बस्स. पाळणे नाहीत, आगगाडी नाही, एकामागून एक तीन वेळा ज्यात बसून माझी कंबर धरली ते घोडे नाहीत. गोराईच्या कोळ्यांनी बांबूंवर टांगलेले बोंबील तेवढे बत्तीस वर्षं टिकून आहेत. आणि ते फुकट होते!

म्हणजे पोराला काय आठवावं हे तिकिटावर छापून मिळत नाही. आणि आठवलं नाही तर गेलेला दिवस फुकट गेला, हा हिशेब तरी कुणी घालून दिला? आपण संक्रांतीला पोरांचं बोरन्हाण करतो. वर्षा-दीड वर्षाच्या जिवाला काळं झबलं, हलव्याचे दागिने घालतो, पाटावर बसवतो, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततो. ते भोकाड पसरतं. भोवतीची पोरं त्याच्या अंगावर पडलेला खाऊ लुटतात. हे त्याला जन्मात आठवत नाही (सुदैवानं म्हणायचं), तरी कुठल्या आजीनं आजवर 'सात वर्षांचा झाला की करू' असं म्हटल्याचं ऐकिवात नाही.

माझी आई नव्वदीची आहे. साताऱ्याला धाकट्या भावाकडे असते. तिला आता सकाळचं दुपारी आठवत नाही. गेल्या दिवाळीनंतर मी म्हटलं, हिला वाईला नेऊन आणू. वाई तिचं माहेर. भाऊ म्हणाला, "दादा, घरी येईस्तोवर विसरेल ती." तरी नेलं. ढोल्या गणपतीसमोरच्या घाटावर पायरीवर बसली, पाण्याकडे बघत राहिली, कुणाकुणाची नावं घेतली. त्यातलं कुणीच आता नाही. संध्याकाळी साताऱ्याला परतलो तेव्हा वाई संपूर्ण पुसली गेली होती. पण रात्री तिनं भाकरी जास्तीची मागून घेतली, आणि हात धुता धुता विचारलं, "आज काही सण होता का रे?"

त्यानंतर सूनबाईंचा 'आठवणार आहे का' हा मुद्दा मी मनातल्या मनात निकालात काढला. तसं तिला सांगितलं नाही, कारण सूनबाईंचे मुद्दे निकालात काढण्याचं काम आमच्या घरात कुणी उघडपणे करत नाही.

तेव्हा आठवणींचं राहू द्या. खरी धास्ती मला दुसरीच आहे, आणि ती उंदराची. आमच्या नातीला उंदीर माहीत आहे तो गणपतीच्या पायाशी मोदक धरून बसणारा, मुठीएवढा, नम्र. आता तिला अशा ठिकाणी न्यायचं जिथं उंदीर हाच देव, बाबांपेक्षा मोठ्या डोक्याचा, पांढरे हातमोजे घालून मिठी मारायला येणारा! त्याच्या दर्शनाला रांग. शिवाय जादा पैसे भरले की पुढे काढणारी वेगळी रांग. तिरुपतीला तीनशे रुपयांत होतं ते तिथं डॉलरात होतं, बाकी भक्तिमार्ग सगळीकडे सारखाच. तीन वर्षांच्या पोराला मुखवटा आणि त्याच्या आतला माणूस हे दोन वेगळे आहेत, हे पुरतं उमगलेलं नसतं. ते किंचाळतं. आणि मग आईबाप जे करतात ते मी जत्रेत, लग्नात, फोटोच्या दुकानात साठ वर्षं बघत आलो आहे. "घाबरायचं काय त्यात? हस बघू! काकांकडे बघ! एवढ्या लांब आलोय आपण!" लांब आलो ही पोराची चूक असल्यासारखं. शेवटी एक फोटो निघतो. पोराचे डोळे रडून लाल, उंदीर हसतोय, आणि आईबापही हसतायत.

हे सगळं कुणासाठी चाललेलं असतं? याचं उत्तर त्या जागेच्या जन्मकथेतच आहे. वॉल्ट डिस्ने सांगत असे की तो आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायचा. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर, आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसलेला. तिथं त्याच्या मनात आलं, आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी जागा का असू नये? त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. (पहिल्याच दिवशी उकाडा असा की ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या.) फ्लोरिडातलं त्याचं थोरलं भावंड आलं १९७१ साली. नीट पाहा हं: मुलींची काहीच तक्रार नव्हती. त्या घोड्यांवर खूष होत्या. कंटाळला होता तो बाप. पोरांना फिरणारा घोडा पुरतो, पेशवे पार्कातली फुलराणी पुरते, म्हातारीच्या बुटात चढणं-उतरणं पुरतं. बाकीचे शंभर चौरस किलोमीटर आपल्यासाठी आहेत.

यात वाईट काही नाही. मोठ्यांनाही कधी मजा करावीशी वाटली तर करू द्यावी. फक्त बिल पोराच्या नावावर फाडू नये. 'तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्य आपल्याकडे पोरांना जन्मभर पुरवून पुरवून ऐकवलं जातं. त्यात आणखी एका किल्ल्याची भर नको. म्हणून पंच या नात्यानं मी निकाल दिला तो असा: मूल कधी तयार होतं ते वयावर नाही की उंचीवर नाही. रांगेत दीड तास उभं राहून पाळी आल्यावर पोर जर म्हणालं, 'नको, घरी', तर 'बरं' म्हणून मागे फिरण्याची ज्या दिवशी तुमची तयारी होईल, त्या दिवशी न्या. तीन वर्षांची असली तरी न्या. नसेल तयारी, तर ती अठरा वर्षांची होऊन मैत्रिणींबरोबर जाईल.

चिरंजीव थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, प्रॉब्लेम तो नाहीये. मला रजा पुढच्या आठवड्यात मिळतेय. तीन वर्षं आणि चार दिवस होतात."

"मग?"

"मग काही नाही. दाराशी कोण वय बघतंय म्हणा. दिसतेही लहानच."

इथं माझ्या पोटात एकदम एसटी सुरू झाली. माझे वडील अत्यंत सचोटीचे. कचेरीतली टाचणी घरी आणली नाही कधी. पण एसटीत मी तीन वर्षं अकरा वर्षांचा होतो. चौदाव्या वर्षी मिसरूड फुटू लागल्यावरही कंडक्टरला ते शांतपणे "एक फुल, एक हाफ" म्हणत, आणि मी गुडघे मुडपून, मान खांद्यात घालून, जमेल तेवढा हाफ होऊन बसत असे. त्या प्रवासात पंढरपूर झालं, तुळजापूर झालं, कोल्हापूर झालं. तिथल्या देवांपैकी एकाचंही तेव्हाचं दर्शन मला आठवत नाही. आठवतात ते गुडघे. आणि कंडक्टर माझ्याकडे पाहून वडिलांकडे पाही तेव्हा वडील खिडकीबाहेर काय बघत असतील, हे मला तेव्हाही कळत होतं. (आता तोच हात मी पुढे करून अर्धं तिकीट मागतो, तर कंडक्टर आधार कार्डही बघत नाही. अकरा वर्षांचा आहे यावर कधी कुणाचा विश्वास बसला नाही, पासष्टचा आहे यावर लगेच बसतो.)

आमची नात सध्या तीन बोटं उभी करायला शिकते आहे. अंगठ्यानं करंगळी दाबून धरणं हे मोठं जिकिरीचं काम असतं. दोनदा चुकतं, मग जमतं. व्हिडिओवर आम्ही चौघं टाळ्या वाजवतो. वाढदिवसाच्या दिवशी ती ते सगळ्या जगाला दाखवणार. आणि चारच दिवसांनी दाराशी ती बोटं आपण मिटायला लावायची? तिला तो किल्ला आठवेल की नाही मी सांगू शकत नाही. पण कुणास ठाऊक, तिचे बोंबील म्हणजे नेमकं हेच निघायचे.

हे सगळं मी फोनवर बोललो नाही. मी फक्त म्हटलं, "तिचं तिकीट मी काढतो."

"बाबा, तुम्हाला डॉलरमध्ये कळतंय का किती..."

"मी काढतो म्हटलं ना. पूर्ण असलं तरी काढतो."

यावर आमच्या हिनं, इतका वेळ निवडत बसलेली मेथी बाजूला ठेवून, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पंचाचं तटस्थपण गेलं ते तिच्या ताबडतोब ध्यानात आलं.

आता सूनबाईंनी संगणकावर तक्ता केला आहे. चार दिवसांपैकी मधला एक दिवस संपूर्ण रिकामा, 'ती म्हणेल ते' असं त्या चौकटीत लिहिलं आहे. उंदराची भेट तिसऱ्या दिवशी, लांबून, आणि तीही नात म्हणाली तरच. स्पेस माउंटनमध्ये आधी चिरंजीव जाणार, मग सूनबाई, एकानं पोरीपाशी थांबायचं. तशी सोय तिथं आहे म्हणे. हिच्या नावापुढं 'बाहुल्यांची होडी'. माझ्या नावापुढं चारही दिवस एकच शब्द: 'बाक'.

बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, फक्त काचेची बाटली चालत नाही. तेव्हा शेंगदाण्यांचा प्रश्न उरतो. ही म्हणते खारे नेऊ नका, रक्तदाब आहे. भाजलेले न्यावेत तर सालं कुठं टाकायची? तिथं फार स्वच्छता असते असं ऐकतो. सोललेल्यांना ती मजा नाही.