झाड कोणाच्या जमिनीवर?

झाडे लावणे चांगले, याविषयी आपल्यात दुमत नाही. परंतु ती कोठे लावावयाची, हाही नीतीचाच प्रश्न आहे, आणि तो आपण सहसा विचारीत नाही.

औराद तालुका बिदर जिल्ह्यात, महाराष्ट्र व तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. येथील कितीतरी घरांतील मुले पोटासाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेली आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या घरात दोन बाजूंनी येतो. पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढणाऱ्या मुलाला शहरात सावली हवी. गावी राहिलेल्या आईला शेळ्या चारावयास उघडा माळ हवा. दोघांचीही गरज खरी आहे. मग शहरासाठी वन वाढवावयाचे ते कोणाच्या जमिनीवर?

पुण्यात वारजे येथे वनखात्याच्या उजाड टेकडीवर वन उभे राहिले. 5 जून 2020 रोजी केंद्र सरकारने पाच वर्षांत 200 नगरवने करण्याचे जाहीर केले, तेव्हा वारज्याचेच उदाहरण पुढे ठेवले होते. ही निवड आम्हांस योग्य वाटते. ज्यांना सावली हवी, त्यांच्याच दाराशी वन आले.

परंतु शहरातील जमीन महाग असते. म्हणून योजना करणाऱ्यांची नजर दूरच्या माळाकडे, गायरानाकडे जाते. कागदावर ती 'पडीक' असते. वाचकहो, पडीक म्हणजे रिकामी काय? शेळ्या-मेंढ्यांचा चारा, चुलीचे सरपण, छपराचे गवत तेथूनच येते. ती स्वस्त असते, कारण तिच्यावर जगणाऱ्यांचा आवाज लहान असतो.

आपल्याच राज्यात हे घडले आहे. 1984 मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक पल्पवुड कंपनीला सुमारे 30,000 हेक्टर सरकारी जमीन निलगिरी लावण्यासाठी देण्याचे ठरले. तीही झाडेच होती. पण ती कारखान्याच्या लगद्यासाठी होती आणि गावाचे चराऊ रान जात होते. 14 नोव्हेंबर 1987 रोजी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कुसनूर येथे लोकांनी निलगिरीची काही रोपे उपटली व त्या जागी आपल्या उपयोगाची झाडे लावली. ते झाडांचे वैरी नव्हते. आम्हांस का विचारले नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मुक्या प्राण्यांचेही तसेच आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले. या पक्ष्याला उघडे गवत लागते. तरी त्याच्या माळावर काही ठिकाणी ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडे लावली गेली. आज तेथे माळढोक क्वचितच दिसतो. त्याला इतरही कारणे आहेत. पण गवताळ माळ हे मोडलेले जंगल नसते, ती स्वतंत्र घडण आहे, हे तेथे शिकावयास मिळते. आपल्या बिदरच्या काळविटांनाही असाच माळ हवा.

कोणी म्हणेल, हवा तर सर्वांचीच. झाड कोठेही लावले तरी काय बिघडले? हवेपुरते हे खरे आहे. परंतु सावली गाडीत घालून नेता येत नाही. पन्नास कोसांवर लावलेल्या झाडाने शहरातील खोली थंड होणार नाही; मेंढपाळाचा माळ मात्र जाईल. एकाने भोगावे व दुसऱ्याने किंमत द्यावी, हा न्याय नव्हे.

अहाब राजाची गोष्ट आपण मुलांना शिकवितो. त्याला बागच हवी होती, आणि बाग ही वाईट वस्तू नाही. मोबदलाही तो देत होता. पण नाबोथाने 'नाही' म्हटले, आणि ते 'नाही' मानले गेले नाही, तेथून पापाला वाट मिळाली. हिरव्या हेतूने घेतलेली जमीनही हिसकावलेली असू शकते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे. पावसाळ्याच्या तोंडी मुलांना रोपे द्याल, तेव्हा आधी त्यांना मेंढपाळाकडे व सरपण वेचणाऱ्या बायांकडे न्या. ही जागा कोणाच्या उपयोगाची आहे, हे मुलांना विचारू द्या. मग मंदिराच्या आवारात, कबरस्थानाच्या कडेला, शाळेच्या अंगणात कडुनिंब व करंज लावा. शहरातील मंडळ्यांनी वाहने उभी करण्याच्या फरशीतून चार खड्डे मोकळे करावेत. आपल्या सावलीसाठी आपलीच जागा द्यावी. ते जड जाईल; पण दुसऱ्याची जागा देणे सोपे असते, म्हणूनच ते दान नव्हे.