तारणाविषयी आपला एक गैरसमज

‘ख्रिस्ती माणसाला पापाची मोकळीक असते, त्याची किंमत आधीच चुकती झालेली आहे,’ असे आपल्या घरांतून सहज बोलले जाते. ख्रिस्ती धर्म असे शिकवीत नाही. ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच वाद करावा, ही सूरह अल-अनकबूतमधील आज्ञा (२९:४६). मग जे ते मानत नाहीत ते त्यांच्या माथी का मारावे?

डिंभ्याची घोड नदी ज्या भीमेला मिळते तिच्याच खोऱ्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला; परंतु तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनीच पुढे लिहिले. नुसत्या धर्मांतराला त्या तारण समजत नव्हत्या. आणि ते लाभल्यावर त्या स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७च्या दुष्काळातील निराधार मुलींना त्यांनी केडगावी आणून वाढविले.

मतभेद आहे, आणि तो मूलभूत आहे. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, असे कुरआन सांगते (६:१६४). हजरत ईसा (अ.) आमचेही प्रेषित, पण त्यांच्या रक्ताने आमचे पाप फिटते, हे आम्ही मानत नाही. तौबा थेट अल्लाहपाशी.

मात्र आपण जन्नत कर्मांनी कमावतो, ही समजूतही खरी नव्हे. कोणाचेही कर्म त्याला जन्नतीत नेणार नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, तेव्हा सहाबांनी विचारले, आपलेही नाही? माझेही नाही, अल्लाहने कृपेने झाकले तरच, असे उत्तर आले. ही हदीस बुखारी व मुस्लिम, दोहोंत आहे.