व्यवस्थापकाचा हंगाम आणि चाहत्यांचा न्याय

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो आणि त्याच्या अखेरच्या आठवड्यांत बहुतेक मोठ्या क्लबांच्या चाहत्यांमध्ये एकच वाद पेटलेला असतो : सध्याचा व्यवस्थापक पुढील हंगामातही राहावा की त्याला निरोप द्यावा? वरवर पाहता हा वाद क्षणिक संतापाचा आणि तितक्याच क्षणिक उत्साहाचा वाटतो. परंतु त्याच्या तळाशी मूल्यमापनाचे असे प्रश्न असतात, जे कोणत्याही सार्वजनिक संस्थेला चुकत नाहीत. माणसाच्या कामाचा हिशेब किती काळाचा धरावा, यशापयशातील त्याचा वाटा परिस्थितीच्या वाट्यापासून वेगळा कसा काढावा, आणि ज्या संस्थेवर जीव आहे पण मालकी नाही, तिच्या कारभाराविषयी बोलण्याचा अधिकार कशातून येतो, हे ते प्रश्न होत. उत्तर लंडनमधील आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांच्याविषयी त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात जो दीर्घ वाद झाला, त्यात हे तिन्ही प्रश्न इतक्या स्पष्टपणे पुढे आले, की त्या वादाचा अभ्यास केवळ फुटबॉलपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

इंग्लिश फुटबॉलमध्ये व्यवस्थापकाचे पद दीर्घकाळ प्रशिक्षकाच्या पदाहून बरेच मोठे होते. सराव घेणे, अकरा खेळाडू निवडणे आणि सामन्याची व्यूहरचना आखणे ही कामे तर त्याच्याकडे असतच. शिवाय कोणता खेळाडू विकत घ्यायचा, कोणाला जाऊ द्यायचे आणि क्लबच्या अकादमीतून, म्हणजे किशोरवयीन खेळाडू घडवणाऱ्या शाखेतून, कोणाला मुख्य संघात आणायचे यांतही त्याचा शब्द निर्णायक ठरत असे. वेंगर हे या परंपरेतील अखेरच्या काही सर्वाधिकारी व्यवस्थापकांपैकी एक होते. १९९६ मध्ये जपानच्या नागोया ग्रॅम्पस क्लबमधून ते लंडनला आले तेव्हा इंग्लंडमधील सामान्य प्रेक्षकाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. त्यांनी खेळाडूंच्या आहारापासून सरावाच्या पद्धतीपर्यंत अनेक गोष्टी बदलल्या, १९९८ आणि २००२ मध्ये प्रीमियर लीग व एफए कप ही दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळवली, आणि २००३-०४ मध्ये लीगचे २६ सामने जिंकून व १२ बरोबरीत सोडवून एकाही पराभवाविना विजेतेपद पटकावले. ३८ सामन्यांच्या प्रीमियर लीगमध्ये असा अपराजित हंगाम त्यापूर्वी कोणत्याही संघाला साधलेला नव्हता.

या शिखरानंतरचा काळ मात्र एका सरळ वाक्यात सांगता येत नाही. २००६ मध्ये क्लबने सुमारे ३८,००० प्रेक्षकांचे हायबरी मैदान सोडून सुमारे ६०,००० प्रेक्षकांच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये स्थलांतर केले आणि त्या बांधकामाच्या कर्जामुळे पुढील अनेक वर्षे खेळाडूंवरील खर्चाला आवर घालावा लागला. त्याच सुमारास चेल्सी २००३ मध्ये रोमान अब्रामोविच यांच्याकडे आणि मँचेस्टर सिटी २००८ मध्ये अबू धाबीच्या गुंतवणूकदारांकडे गेल्याने स्पर्धेचे अर्थकारणच पालटले. आर्सेनलने २००७ मध्ये थिएरी आँरी, २०११ मध्ये सेस्क फाब्रेगास व समीर नासरी आणि २०१२ मध्ये रॉबिन व्हॅन पर्सी असे आघाडीचे खेळाडू गमावले. २००५ च्या एफए कपनंतर २०१४ पर्यंत एकही मोठे विजेतेपद मिळाले नाही. तरीही १९९७ ते २०१६ अशी सलग २० वर्षे क्लब लीगच्या पहिल्या चार संघांत राहिला. हे स्थान महत्त्वाचे यासाठी, की पहिल्या काही क्रमांकांवरील संघांनाच युरोपातील सर्वश्रेष्ठ क्लबांच्या चॅम्पियन्स लीग या स्पर्धेत खेळता येते आणि तिच्या उत्पन्नावर मोठ्या क्लबांचा ताळेबंद बराचसा अवलंबून असतो.

या एकाच नोंदीचे चाहत्यांनी दोन परस्परविरोधी अर्थ लावले. एका पक्षाच्या मते कर्ज फेडत, उत्तम खेळाडू गमावत आणि अमर्याद पैशाच्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंजत चौथे स्थान टिकवणे हे वेंगर यांचे सर्वांत अवघड कर्तृत्व होते. दुसऱ्या पक्षाच्या मते चौथ्या स्थानालाच ध्येय मानण्याची सवय क्लबला जडली होती. २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून ८-२ असा झालेला पराभव आणि चॅम्पियन्स लीगमध्ये २०११ ते २०१७ असे सलग सात हंगाम अंतिम सोळा संघांच्या फेरीतच आलेले अपयश ही त्या सवयीची फळे होती, आणि कर्जाचा भार हलका झाल्यावरही खेळाच्या पद्धतीतील जुने दोष तसेच राहिले होते. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमविच येथील सामन्याच्या वेळी वेंगर यांना नवा करार देऊ नये असे सांगणारे एक फलकधारी विमान मैदानावरून गेले आणि पाठोपाठ त्यांच्याविषयी आदर व्यक्त करणारे दुसरेही. त्या हंगामाच्या अखेरीस आर्सेनलने चेल्सीला हरवून एफए कप जिंकला आणि काही दिवसांतच वेंगर यांना दोन वर्षांचा करार मिळाला. पण वाद शमला नाही, पुढील हंगामात मैदानातील रिकाम्या खुर्च्या ठळकपणे दिसू लागल्या, आणि एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले.

या वादाचे पहिले मर्म काळाच्या मापात आहे. वेंगर यांचे समर्थक युगाच्या मापाने बोलत होते आणि विरोधक हंगामाच्या. पूर्वपुण्याईवर वर्तमानातील पद टिकवता येत नाही, हे विरोधकांचे म्हणणे न्याय्य होते, कारण पद हे पारितोषिक नसून जबाबदारी असते. त्याच वेळी एका वाईट हंगामाने दोन दशकांचे काम पुसून टाकता येत नाही, हे समर्थकांचे म्हणणेही तितकेच न्याय्य होते. वस्तुतः ही दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे होती. क्लब या माणसाचा किती ऋणी आहे, हा एक प्रश्न. पुढील वर्षाचे काम या माणसाकडे द्यावे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भूतकाळाकडे पाहून द्यायचे असते आणि दुसऱ्याचे भविष्याकडे. जुलै २०२३ मध्ये एमिरेट्स स्टेडियमबाहेर वेंगर यांचा पुतळा उभारला गेला, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्लबने दिले. पण त्या पुतळ्यामुळे २०१८ मधील त्यांचे जाणे चूक ठरत नाही. कृतज्ञता आणि नेमणूक यांची गल्लत केली, की कृतज्ञ माणूस आंधळा ठरतो आणि चिकित्सक माणूस कृतघ्न, आणि दोघांवरही अन्याय होतो.

दुसरे मर्म निकाल आणि कामगिरी यांच्यातील अंतरात आहे. २०१५-१६ मध्ये आर्सेनलला ७१ गुण मिळाले आणि संघ दुसरा आला. २०१६-१७ मध्ये ७५ गुण मिळाले आणि संघ पाचवा आला. क्रमांक स्वतःच्या खेळाइतकाच इतरांच्या खेळावर ठरतो, हे या दोन आकड्यांतून दिसते. फुटबॉलमध्ये गोल थोडे होत असल्याने नशिबाचा वाटाही मोठा असतो. म्हणूनच आता विश्लेषक ‘अपेक्षित गोल’ हे माप वापरतात, ज्यात प्रत्येक फटका कोठून व कशा स्थितीत मारला गेला यावरून त्याचा गोल होण्याची शक्यता काढून त्या शक्यतांची बेरीज केली जाते. अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांच्या अभ्यासांनुसार क्लबांचे दीर्घकालीन सरासरी स्थान त्यांच्या वेतनखर्चाशी घट्ट निगडित असते. डच लीगमधील व्यवस्थापकबदलांचा अभ्यास करणाऱ्या बास तेर वील यांना असे आढळले, की व्यवस्थापक बदलल्यानंतर निकाल सुधारतात खरे, परंतु तशाच घसरणीतून जाऊनही व्यवस्थापक न बदलणाऱ्या क्लबांचे निकालही जवळपास तसेच सुधारतात. असाधारण वाईट काळानंतर सरासरीकडे परतणे हा संख्यांचा स्वभाव असतो आणि त्या परतीचे श्रेय नव्या माणसाला मिळून जाते.

याचा अर्थ व्यवस्थापकाचे महत्त्व शून्य असते आणि संयम हाच नेहमी शहाणपणाचा मार्ग असतो, असा मात्र नव्हे. संयमाचे समर्थक हमखास ॲलेक्स फर्ग्युसन यांचा दाखला देतात. १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडची सूत्रे घेतल्यावर १९८९-९० मध्ये त्यांचा संघ लीगमध्ये तेराव्या स्थानी राहिला, त्यांच्याविरुद्ध मैदानात फलक झळकले, तरी क्लबने त्यांना ठेवले आणि पुढे त्यांनी १३ वेळा लीग जिंकली. पण या दाखल्यात तर्कदोष आहे : संयम फळाला आलेली उदाहरणेच स्मरणात राहतात, आणि संयम दाखवूनही क्लब बुडाल्याची उदाहरणे विस्मरणात जातात. उलट बाजूला लिस्टर सिटीचे उदाहरण आहे. २०१६ मध्ये या क्लबला इतिहासातील पहिले लीग विजेतेपद मिळवून देणारे क्लॉडिओ रानिएरी यांना अवघ्या नऊ महिन्यांनी, संघ खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याच्या उंबरठ्यावर असताना, दूर करण्यात आले. अनेकांना ते हृदयशून्य वाटले. संघ मात्र सावरला. एकेका उदाहरणावरून संयमाचा किंवा बदलाचा सार्वत्रिक नियम काढता येत नाही.

तिसरे मर्म चाहत्याच्या अधिकाराचे आहे आणि तेच सर्वांत दुर्लक्षित राहते. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात असे मांडले, की संस्थेचा दर्जा घसरू लागला तर तिच्याशी संबंधित माणसासमोर दोन वाटा असतात : सोडून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि निष्ठा जितकी खोल, तितकी सोडून जाण्याची वाट बंद होऊन आवाजाचे मोल वाढते. साबण आवडला नाही तर ग्राहक दुसरा घेतो. आर्सेनलचा खेळ आवडला नाही म्हणून आर्सेनलचा चाहता शेजारच्या टॉटनहॅमकडे जात नाही. त्यामुळे व्यवस्थापकावरील टीकेला निष्ठेचा अभाव मानणे मुळातच चुकीचे आहे. ज्याला जाता येत नाही त्याच्या निष्ठेचेच ते रूप असते. मुंबई-पुण्यात रात्री उशिरापर्यंत जागून सामने पाहणाऱ्या चाहत्यालाही हे लागू पडते. तिकिटाच्या खिडकीशी त्याचा संबंध नसला, तरी परदेशातील प्रक्षेपणाच्या हक्कांतून क्लबांना मिळणाऱ्या उत्पन्नाच्या मुळाशी त्याचे पाहणे असते. दूरच्या चाहत्याचे मत म्हणूनच हलके ठरत नाही. मात्र तिकिटांचे दर आणि मैदानातील वातावरण यांविषयी स्थानिकांचे म्हणणे त्याने अधिक आदराने ऐकले पाहिजे.

आवाज उठवण्याचा हा अधिकार खरा असला, तरी तो बहुधा चुकीच्या दाराशी जाऊन थांबतो. जर्मनीत काही अपवाद वगळता क्लबच्या सभासदांकडेच मतांचे बहुमत असावे असा नियम आहे आणि बार्सिलोनात सभासद अध्यक्ष निवडतात. इंग्लंडमधील मोठ्या क्लबांच्या चाहत्यांना असे कोणतेही मत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टॅन क्रोएंके यांनी आर्सेनलची संपूर्ण मालकी घेण्याची प्रक्रिया सुरू केली, त्यातून लहान भागधारक चाहत्यांचे समभागही गेले आणि वार्षिक सभेत संचालकांना प्रश्न विचारण्याची वाट बंद झाली. मालक बदलता येत नाही, संचालक दिसत नाहीत, आणि दर आठवड्याला पत्रकारांसमोर येणारा व्यवस्थापक तेवढा दिसतो. परिणामी तिकिटांचे दर, खेळाडूंची विक्री आणि मालकाची उदासीनता या साऱ्यांचा राग त्या एका माणसावर जमा होतो. वेंगर गेल्यानंतर आर्सेनल अनुक्रमे पाचव्या, आठव्या आणि पुन्हा आठव्या स्थानावर राहिला, यावरून दुखणे एका माणसापुरते नव्हते हे उघड झाले. डिसेंबर २०१९ मध्ये व्यवस्थापक म्हणून आलेल्या मिकेल आर्टेटा यांना आठव्या स्थानानंतरही वेळ मिळाला आणि त्यासोबत संघबांधणीसाठी मोठा पैसाही मिळाला. २०२३ पासून सलग तीन हंगाम संघ दुसरा आला. संयम आणि साधने एकत्र आली तेव्हाच फरक पडला.

आवाज योग्य दाराशी गेला तर काय घडते, हे एप्रिल २०२१ मध्ये दिसले. युरोपातील बड्या क्लबांच्या मालकांनी स्वतःपुरती ‘सुपर लीग’ जाहीर करताच इंग्लंडमधील चाहते क्लबांच्या भिंती विसरून रस्त्यावर उतरले आणि तीत सामील झालेल्या सहाही इंग्लिश क्लबांनी दोनच दिवसांत माघार घेतली. त्यानंतर चाहत्यांना मध्यवर्ती स्थान देणारी शासकीय चौकशी झाली आणि २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभारासाठी स्वतंत्र नियामक स्थापन करणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला. व्यवस्थापक हटवण्याच्या असंख्य मोहिमांनी जे साधले नव्हते, ते मालकांना जाब विचारल्याने साधले.

यावरून व्यवस्थापकाचा निवाडा करण्याची काही तत्त्वे निश्चित करता येतात. कसोटी हंगामापूर्वी ठरवावी, पराभवानंतर नव्हे. क्रमांकाबरोबरच उपलब्ध साधने, खेळाचा दर्जा आणि तरुण खेळाडूंची वाढ यांचाही हिशेब धरावा. ऋण आणि नेमणूक हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. आणि व्यवस्थापकाने काय केले हे विचारण्याआधी त्याला काय दिले गेले होते, हे मालकाला विचारावे. या कसोट्यांवर वेंगर २०१४ मध्ये पदावर राहण्यास पात्र होते आणि २०१८ मध्ये त्यांनी जाणे योग्य होते. दोन्ही पक्ष आपापल्या वेळी बरोबर होते. चाहत्यांनी वाद घालावा, कठोरपणे घालावा, कारण त्यांच्या वादाविना क्लब ही केवळ मालमत्ता उरेल. पण पुढच्या वेळी फलक हाती घेताना त्यावर लिहिलेले नाव खरोखर निर्णय घेणाऱ्याचेच आहे, याची त्यांनी आधी खात्री करून घ्यावी.