वांगडाक कोण आसा?

दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढताना नाव, गाव, वय सांगून झालं की पुढचा प्रश्न येतो, "सोबत कोण आहे?" आमच्याकडे कोणी आजारी पडल्याचं कळलं की गावातलं माणूसही पहिलं हेच विचारतं, "वांगडाक कोण आसा?" वांगडाक म्हणजे सोबतीला. प्रश्न एकच, पण दोन्हीकडचा अर्थ एक नव्हे. खिडकीवरच्या माणसाला सही करणारा, औषधं आणणारा, रक्ताच्या पिशवीसाठी धावणारा आणि वेळ आली तर बिल भरणारा हवा असतो. गावातल्या माणसाला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की रात्री दोन वाजता तहान लागली तर पाणी देणारं कोणी आहे की नाही.

मी दहावीपर्यंत शिकलेला, शेती करणारा माणूस. वैद्यकातलं मला काही कळत नाही. पण गेल्या चाळीस वर्षांत भावकीतल्या आणि वाडीतल्या बऱ्याच माणसांच्या खाटेखाली चटई टाकून झोपलोय. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्याच्या वांगडाक कोणीच नाही, त्याच्या वांगडाक राहणं हे काम कोणाचं? दवाखान्याचं, गावाचं, की मुंबईत असलेल्या झिलांचं?

आमचा गाव गडनदीच्या काठचा. मालवण बसनं तासाभरावर. आमच्या दुखण्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ताप-खोकला असला तर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्यावर मालवणचं ग्रामीण रुग्णालय, त्याच्यावर ओरोसचं जिल्हा रुग्णालय, आणि तिथूनही हात टेकले तर बांबोळी. "बांबोळीक नेलो" एवढंच कोणी सांगितलं तरी ऐकणारा पुढचं काही विचारत नाही, गप्प बसतो. गोव्याच्या या वैद्यकीय महाविद्यालयाचं मूळ 1842 सालातलं, पोर्तुगिजांच्या वेळचं. आमच्या कितीतरी पिढ्या तिथं जगल्या आणि तिथंच गेल्या. 2018 च्या जानेवारीपासून गोवा सरकारनं परराज्यातल्या रुग्णांना पैसे लावले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं. आमच्या लोकांचा राग खरा होता. पण गोव्याच्या माणसाचंही म्हणणं होतं, की आमच्या खाटा आम्हालाच पुरत नाहीत. दवाखाना आपला म्हणायचा तर आपला म्हणजे किती दूरपर्यंतचा, हा वाद तिथं निघाला. आता ओरोसलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालंय. बघूया.

2014 पासून 108 ची गाडी आली, हे मोठं काम झालं. पूर्वी माणूस डोलीतून नाहीतर होडीतून न्यायचे आणि वांगडाक चारजण आपोआप असायचेच, कारण डोली उचलायला माणसं लागतात. आता गाडी दारात येते, एक माणूस बसला तरी भागतं. कधी तेवढाही नसतो. खेड्यात माणसंच राहिली नाहीत. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या 8 लाख 68 हजार होती, 2011 ला ती 8 लाख 49 हजार झाली. सगळा देश वाढत असताना आमचा जिल्हा आटला. उरलेत ते म्हातारे, आणि त्यांच्या राखणीला कुत्री.

आमच्या शेजारची धाकटी काकी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोघे झिल मुंबईत. श्रावणात खळ्यात शेवाळावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मी आणि रिक्षावाल्यानं तिला एका दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही, कारण दुसरीकडेही वेगळं काही झालं नसतं असं मला वाटतं. तिथं विचारलं, "रक्ताचं नातेवाईक कोण?" मी म्हटलं, मी शेजारी. ते म्हणाले, शेजारी चालणार नाही, मुलाला बोलवा, त्याची सही झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. काकी स्ट्रेचरवरून म्हणाली, "माझ्या वांगडाक देव आसा." तिथला एक पोरगा हसत म्हणाला, "आजी, देवाची सही चालूची नाय." काकीही हसली. पण मोठा झिल येईपर्यंत दोन दिवस ती तशीच पडून होती.

पुढे माझ्या पुतण्यानं, तो वकिलीचं शिकतो, मला सांगितलं, की माणूस सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याची स्वतःची लागते. समीरा कोहली नावाच्या बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली हे स्पष्ट केलंय. तिथं तर बाई भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेतली होती आणि कोर्टानं ती धरली नाही. म्हणजे आमची काकी, जुनी सातवी पास, स्वतःची सही स्वतः करू शकत होती. मग सही कशाला हवी होती? मला वाटतं, सही ही सबब असते. उद्या काही कमीजास्त झालं तर भांडायला आणि हिशेब करायला समोर एक माणूस असावा, एवढ्यासाठी ती असते.

पण यात दवाखान्याची बाजूही आहे आणि ती मी डोळ्यांनी बघितलीय. सही करायला कोणी नसतं आणि मारायला मात्र पंधराजण येतात. डॉक्टरांना मारहाण होते म्हणून महाराष्ट्राला 2010 साली वेगळा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. पेशंट जिवंत असताना जो एक रात्र थांबला नाही, तो मेल्यावर काचा फोडायला पुढे असतो. अशी माणसं बघितलेला डॉक्टर सहीचा कागद आधी पुढे करणार, तर त्याला एकट्याला दोष कसा द्यायचा?

ऑपरेशन झालं, झिल चार दिवस राहिला आणि परत गेला. नोकरी खाजगी, रजा नाही. मग मी आणि माझी बायको आळीपाळीनं जात राहिलो. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं हाडात कमी आणि पडून राहण्यात जास्त असतं, हे मला तिथं कळलं. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. उठवून बसवलं नाही तर छाती भरते. लवकर पायावर उभं केलं नाही तर ते माणूस पुन्हा उठतच नाही. डॉक्टरनं हाड नीट बसवलं. पण दर दोन तासांनी कूस बदलायला कोण? तिथं दोन हात लागतात आणि कोणीतरी ओळखीचं लागतं, जे म्हणेल, काकी, उठ गो, खळ्यात नाचणी वाळत घातलीय असं समज आणि चार पावलं टाक.

वॉर्डात एका पाळीला दोन सिस्टर आणि खाटा वीसच्या वर. त्यातली एक सिस्टर सावंतवाडीकडची. काकी जेवत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आजी, जेवणस नाय कित्या?" काकी म्हणाली, "ह्या भाताक चव नाय बाय. माका पेज होयी." दुसऱ्या दिवशी त्या सिस्टरनं आपल्या घरून डब्यातून उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याच्या लोणच्याची फोड आणली. काकी जेवली, बोलायला लागली, आणि संध्याकाळी पहिल्यांदा उभी राहिली.

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ऐकणारे म्हणतात, वा, काय माणुसकी! मला मात्र यात एक गोष्ट खटकते. ती पेज त्या बाईच्या कामात मोडत नव्हती. तिला तिचं घर आहे, पोरं आहेत, बारा मैलांवरून ती बसनं येते. पेज आणली नसती तर ती वाईट सिस्टर ठरली असती काय? आपण तिच्या चांगुलपणावर दवाखाना चालवतो, आणि एखाद्या दिवशी दमून ती खेकसली की लगेच म्हणतो, सरकारी दवाखान्यातली माणसं अशीच. माया ही पगारात धरता येत नाही हे खरं. पण दुखणेकऱ्याला जी पेज लागते ती त्याला मिळेल, अशी सोय तरी पगारात धरता येते. कोकणातल्या दवाखान्यात पेज मिळू नये, याला काय म्हणायचं! खर्च तर भातापेक्षा कमीच.

आपल्याकडे हे ओळखलेली माणसं झाली नाहीत असं नाही. गाडगेबाबांचंच बघा. शाळेत न गेलेला माणूस. त्यांनी मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ धर्मशाळा उभी केली. डॉक्टर तिथं होतेच. फुटपाथवर भाकरी खाऊन बसलेली पेशंटची माणसं बाबांना दिसली. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा आजही टाटा हॉस्पिटलला येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते, आमच्या तालुक्यातली माणसंही तिथं राहून आलीत. त्याच्याही आधी गिरणगावात आमच्या गावकीच्या खोल्या होत्या. गावचा कोणी आजारी होऊन मुंबईत आला तर त्याची वळकटी त्या खोलीत पडायची, आणि पाळी सुटलेला गिरणी कामगार झोप टाकून त्याला केईएमला न्यायचा. कोणी त्याला समाजकार्य म्हटलं नाही.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 साली तिथं गेले. आदिवासी दवाखान्यात येईनात, तेव्हा त्यांनी लोकांनाच विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, प्रेताला गुंडाळतात तसले पांढरे कपडे घालून माणसं फिरतात, आणि आमच्या माणसांना आमच्याजवळ राहू देत नाहीत. मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. मला यातलं विचारणं मोठं वाटतं. आम्हाला मालवणात कोणी कधी विचारलंय, की बाबांनो, तुम्हाला दवाखान्यात कशाची भीती वाटते? तक्रारपेटी असते. तिला कुलूप असतं.

अर्थात दवाखाना भिंतीबाहेर पडतो तेव्हा तो किती कामाचा असतो तेही सांगायला हवं. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टोची भीती. उंदराचं मूत कुणग्यातल्या पाण्यात उतरतं, पायाला जखम असली की तिथून रोग आत शिरतो, आणि साधा ताप म्हणून अंगावर काढला तर मूत्रपिंडं जातात. त्यावर आठवड्याला घ्यायची डॉक्सीसायक्लीनची गोळी आशाताई बांधावर येऊन देते. चिखलात उभे असलेले आम्ही हात पुसून ती घेतो आणि ती समोर उभी राहून गिळायला लावते, कारण आम्ही खिशात टाकून विसरतो हे तिला ठाऊक. त्यावेळी ती विचारते, "घो खय आसा? तेणी घेतल्यान काय?" खिडकीवरचा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच खात्याचे आहेत, यावर विश्वास बसत नाही.

आणि गाव तरी कुठे धुतल्या तांदळाचा आहे? देवळात आजारी माणसासाठी गाऱ्हाणं घालतो तेव्हा शंभरजण एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. रात्री थांबायला त्यातले दोघेही मिळत नाहीत. 2020 च्या मे महिन्यात चाकरमानी मुंबईतून पळून आले, तेव्हा ज्यांच्या मनीऑर्डरीवर घरं उभी राहिली त्यांना आपण शाळेत चौदा दिवस ठेवलं. ठेवणं गरजेचं होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण काही ठिकाणी ताट दारात ठेवून माणसं मागं न बघता पळाली, तेही आम्ही बघितलंय. त्याच वर्षी कित्येकजण दवाखान्यात वांगडाक कोणी नसताना गेले. तिथं कोणाचाच इलाज नव्हता. म्हणून निदान आता, इलाज असताना तरी, असं होऊ नये असं वाटतं.

काकी घरी आली. हातात डिस्चार्जचा कागद. त्यावर व्यायाम, गोळ्या आणि सहा आठवड्यांनी दाखवायला या, असं लिहिलेलं. दवाखान्याच्या हिशेबी ती बरी झाली होती. न्हाणीपर्यंत जायला तिला दोन माणसं लागत होती.

त्यावरून वाडीच्या बैठकीत मी एक विषय काढला. देवळाची पाळी लावतो तशी दवाखान्याची पाळी लावायची. एकट्या राहणाऱ्या माणसांची नावं काढायची, त्यांच्या वांगडाक जाणाऱ्यांची यादी आशाताईकडे आणि वॉर्डातल्या सिस्टरकडे द्यायची, म्हणजे मध्यरात्री फोन कोणाला करायचा हे तिला कळेल. आमचा एक जाणता माणूस उठला आणि म्हणाला, "आमीच सगळा करूक लागलो, तर तेंचे झिल मोकळे. उद्या कोण आवशी-बापाशीक बघूक येयत?" बैठक गप्प झाली. त्याचं म्हणणं खोटं नाही. शेजाऱ्यानं भार उचलला की मुलाच्या खांद्यावरचा उतरतो, आणि उतरलेला भार कोणी आपणहून परत उचलत नाही. मी एवढंच म्हटलं, की झिलाची वाट बघत काकी दोन दिवस पडून होती, ते दोन दिवस कोणाच्या खात्यावर घालायचे? यावर तो काही बोलला नाही, पण त्याला पटलं असंही नाही. पुढच्या बैठकीत तो पुन्हा उठणार आहे.

यादीत आतापर्यंत नऊ नावं झालीत. त्यातली सात बायकांची आहेत. पुरुषांनी रिक्षाचं भाडं वर्गणीतून द्यायचं कबूल केलंय.