गहाण कुणाचे?

‘सर्वस्व पणाला लावले’ हा वाक्प्रचार आपण मराठी माणसे फार आदराने उच्चारतो. चरित्रांतून, गौरवग्रंथांतून तो हमखास भेटतो; चित्रपटनिर्मात्याच्या चरित्रात तर त्यावाचून नायकाचा प्रवेशच होत नाही. आम्हीही त्याकडे आजवर त्याच आदराने पाहत आलो. परंतु गेल्या महिन्यात आमच्या नात्यातील एक तरुण कर्जाचे कागद घेऊन अधारतालच्या आमच्या घरी आला. त्याला नर्मदेवरच्या नावाड्यांच्या जीवनावर चित्रपट काढावयाचा आहे. जामीनदाराच्या जागी आम्ही सही करावी, एवढेच त्याचे मागणे होते. तेव्हा या ‘सर्वस्वा’त कोणकोणत्या वस्तू मोडतात, ते प्रथमच मोजून पाहण्याची पाळी आली. त्यात त्याच्या पत्नीचे दागिने होते, वडिलांनी बांधलेल्या घराचा हिस्सा होता आणि आता आमची सहीही येऊ पाहत होती. त्याचे स्वतःचे म्हणावे असे त्यात फारच थोडे होते. आम्ही अडखळलो, हे पाहून तो म्हणाला, “दादा, फाळके असे अडखळले असते तर?”

या प्रश्नाला त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ साली ते लंडनला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, हे सर्वश्रुत आहे. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. फाळक्यांनी पहिल्या चित्रासाठी कथा निवडली ती कोणाची? दिलेल्या शब्दासाठी राज्य तर सोडलेच, पण काशीच्या बाजारात पत्नीला आणि मुलालाही विकणाऱ्या राजाची! आणि त्या विकल्या गेलेल्या रोहिदासाच्या भूमिकेत उभा होता फाळक्यांचा स्वतःचाच मुलगा भालचंद्र. हा योगायोग असेल. पौराणिक कथा लोकांना ठाऊक असते, म्हणून ती निवडली असेल. तरीही तारामतीची कथा पडद्यावर आणण्यासाठी घरातील तारामतीचे दागिने जावेत, हे आमच्या मनातून जाईना.

हरिश्चंद्राला आपण सत्यवचनी म्हणतो. पण शब्द त्याचा होता आणि किंमत तारामतीने दिली. महाभारतातील द्यूतसभेत द्रौपदीने हाच प्रश्न सभेला विचारला होता. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? जो स्वतःचाच उरला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कुठून आला? त्या सभेत भीष्मांसारखे ज्ञाते बसलेले असून धर्माची गती सूक्ष्म आहे, यापलीकडे त्यांना उत्तर सुचले नाही. ते सुचले नाही म्हणून प्रश्न मिटला, असे मात्र नव्हे.

पश्चिमेतही हा प्रश्न विचारला गेला आहे. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली चित्रकार गोगँचे उदाहरण घेतले. कुटुंबाला मागे टाकून कलेसाठी दूरच्या बेटावर जाणाऱ्या माणसाचे समर्थन करता आलेच, तर ते केवळ त्याच्या यशाने करता येईल, आणि यश तर अंशतः दैवाच्या हाती, असा त्याच्या विवेचनाचा रोख होता. आमच्या नातलगाचा युक्तिवाद नेमका हाच होता. फाळके यशस्वी झाले, म्हणून दागिने गहाण टाकणे पुण्यकर्म ठरले. परंतु दागिने गहाण पडले त्या दिवशी यश कुठे होते? त्या दिवशी मागण्याचा हक्क होता की नव्हता, हे त्या दिवसाच्याच परिस्थितीवरून ठरले पाहिजे. नाहीतर ज्यांची चित्रे पडली, त्यांनीही तेच केले असता ते पापी आणि फाळके तेवढे पुण्यवान, असे म्हणावे लागेल. असा न्याय पेढीवर चालेल; नीतीत चालू नये.

म्हणून आम्ही फाळक्यांच्या कथेकडे पुन्हा वळलो, आणि यशापेक्षा मोलाच्या दोन गोष्टी तिथे दिसल्या. पहिली सरस्वतीबाईंची. त्या केवळ दागिने देऊन बाजूला झाल्या नाहीत. कच्च्या फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सर्व त्यांनी केले. त्या कामात भागीदार होत्या. काय पणाला लागले आहे, हे त्यांना हाताने ठाऊक होते. त्या काळच्या पत्नीला ‘नाही’ म्हणण्याची कितपत मोकळीक होती, हा प्रश्न उरतोच, आणि तो आम्ही दडपू इच्छित नाही. पण तारामतीला बाजारात उभे केले गेले, तर सरस्वतीबाई कारखान्यात होत्या. हा भेद लहान नाही.

दुसरी गोष्ट वाटाण्याची. सावकारांचा विश्वास मिळवण्यासाठी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसेंदिवस टिपून एक लहानसे चित्र करून दाखवले. दुसऱ्याचा पैसा मागण्यापूर्वी आपल्याला काय येते, ते त्यांनी डोळ्यांना दिसेल असे मांडले. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत नीतिमान चित्र तेच!

पैसा घालणाऱ्याची बाजू आपल्याकडे सहसा कोणी मांडत नाही. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, भागीदारांशी फाळक्यांचे पटेना, ते बाहेर पडले आणि पुढे परत आले. ही हकीकत सांगताना भागीदार हे कलेचे वैरी, असाच आपला सूर असतो. आमचे आयुष्य जमाखर्चाच्या कागदांत जात असल्यामुळे असेल, पण हिशेब मागणारा मनुष्य आम्हाला खलनायक वाटत नाही. ज्याचा पैसा बुडू शकतो, त्याला विचारण्याचा अधिकार आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या कंपनीमागे गायिका तानीबाई कागलकरांचा पैसा उभा होता. त्याच कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढून कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची दैना दाखवली. १ जून १९२९ रोजी निघालेल्या ‘प्रभात’च्या पाच भागीदारांत शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांच्या बरोबरीने सीतारामपंत कुलकर्णीही होते. पहिल्या चौघांची नावे चित्ररसिक सांगतात; पाचव्याने भांडवल उभे केले, म्हणून त्याच्या नावाशी बहुतेक जण थांबतात. आणि धोका तर त्यानेही स्वीकारलाच होता, तोही आपण होऊन.

फाळक्यांचे अखेरचे चित्र ‘गंगावतरण’ १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनच्या पैशाने निघाले, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला गेले, तेव्हा वैभव केव्हाच ओसरले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. सरस्वतीबाईंचे नाव त्या समारंभात कितीसे निघते?

आमच्या जबलपुरात परंपरेने सांगतात की, राणीताल राणी दुर्गावतीने खोदवला, चेरीताल तिच्या दासीने आणि अधारताल तिचा मंत्री आधारसिंह याने. दासीच्या नावाचा तलाव असावा, याचे आम्हाला नेहमीच कौतुक वाटत आले. पण टोपल्या डोक्यावर घेऊन ज्यांनी माती वाहिली, त्यांच्या नावाचा चौथा तलाव नाही. त्या संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी बराच वेळ फिरलो, आणि घरी येऊन नातलगाला निरोप धाडला: कागद घेऊन ये, पण पत्नीला बरोबर आण, आणि नावाड्यांच्या चित्राचा दहा मिनिटांचा का होईना, तुकडा घेऊन ये.

रविवारी दोघे आली. तुकडा सात मिनिटांचा होता. पहाटेच्या ग्वारीघाटावर एक म्हातारा नावेतील पाणी उपसतो, एवढेच त्यात होते. आम्ही तो दोनदा पाहिला. मग कागद सुनेपुढे ठेवले. तिने ते पहिल्या पानापासून वाचले, चष्मा काढला, आणि दरमहा हप्ता किती व तो कोणाच्या पगारातून जाणार, हे आम्हाला न विचारता त्याला विचारले.