तुम्हांला काहीच वाटत नाही का?



येशूने वादळ शांत केल्याचा प्रसंग मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. होडीच्या मागच्या बाजूला येशू उशाशी उशी घेऊन झोपला आहे, लाटा आत शिरत आहेत आणि शिष्य त्याला हलवून उठवतात. ते मदत मागत नाहीत, हे ध्यानात घ्या. ते तक्रार करतात. आम्ही बुडत आहोत आणि ह्याला त्याचे काहीच नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात हेच शिष्य वाचवण्यासाठी विनवणी करतात. मला मार्कचे शिष्य अधिक ओळखीचे वाटतात, कारण त्यांचा प्रश्न मी विवाहितांच्या तोंडून वरचेवर ऐकतो.

माझ्या परिचयाचे एक जोडपे आहे. ते आपल्या धर्मग्रामातील नाही, तेव्हा मिस्सा संपल्यावर ओळख पटवण्याचा खटाटोप करू नये! लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून मुलांनी त्यांना ऑक्टोबरमध्ये केरळला पाठवले. तेथील वेंबनाड हे आपल्या देशातील सर्वांत लांब सरोवर, लांबी सुमारे ९६ किलोमीटर. आलप्पुळा येथून सकाळी हाऊसबोटीत बसायचे आणि दिवसभर पाण्यावर राहायचे, असा बेत होता.

ह्या बोटी पूर्वी भात वाहून नेण्यासाठी वापरत. त्यांना केट्टुवळ्ळम म्हणतात, म्हणजे बांधलेली नाव. जुन्या पद्धतीच्या नावेत खिळा नसतो. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवतात आणि वरून काजूच्या टरफलाचे तेल लावतात. दोरी कुजते, सैल होते. मग नाव पाण्याबाहेर काढून पुन्हा शिवावी लागते. त्या बाईंनी मला हे सांगितले तेव्हा त्या जरा हसल्या. का हसल्या, ते विवाहितांना सांगायला नको.

सकाळी ऊन होते, पाणी आरशासारखे. वाटेत कैनकरी लागले. संत कुरियाकोस एलियास चावरा ह्यांचे हे जन्मगाव. १८०५ साली ते येथे जन्मले आणि २०१४ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. ह्याच गावच्या कुटुंबांसाठी त्यांनी १८६८ साली एक दीर्घ पत्र लिहिले. घरातील सलोखा, कर्ज, प्रार्थना, मुलांचे संगोपन असे त्याचे विषय आहेत. संतांनी कर्जावर लिहावे ह्याचे काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. घरे बहुधा तेथूनच फुटू लागतात.

दुपारी हवा पालटली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. पूर्वेकडून ढग चढले, पाणी काळे पडले, वारा सुटला. खलाशांनी नाव काठाला घेऊन माडाला बांधली आणि ताडपत्र्या सोडल्या. विजा कडाडत होत्या. पतिराज मोबाईलवर एका दलालाशी बोलत होते. घराशेजारची वाडी विकायचे त्यांच्या मनात होते. बाईंना ते आठ महिन्यांपूर्वी शेजारणीकडून कळले होते आणि त्या आठ महिने गप्प होत्या. आता मात्र त्या म्हणाल्या, "तुम्हांला काहीच वाटत नाही का?"

"पाऊस थांबेल गं," ते म्हणाले. त्यांना वाटले, ती विजेला घाबरली.

गाब्रिएल मार्सेल नावाचे एक फ्रेंच तत्त्वज्ञ होऊन गेले. चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९२९ साली, ते कॅथलिक झाले. समस्या आणि गूढ ह्यांत ते फरक करीत. समस्या माझ्यासमोर असते, मी बाहेर उभा राहून ती सोडवतो. गूढात मी स्वतःच गुंतलेला असतो. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते शिकलो. वाडीचा भाव किती, ही समस्या आहे. आठ महिने बायको गप्प का, हे दुसऱ्या जातीचे आहे. त्याचा हिशेब दलालाला विचारून लागत नाही.

पुन्हा मार्ककडे वळू या. शिष्यांच्या तक्रारीला येशू उत्तर देत नाही. मला तुमची काळजी आहे, असे तो म्हणत नाही. आवाज का चढवला, असेही विचारत नाही. तो उठतो. आधी वाऱ्याला दटावतो. शिष्यांच्या भित्रेपणाचा आणि विश्वासाचा विषय नंतर काढतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण नेमके उलटे करतो: आधी समोरच्याच्या बोलण्यातली चूक दाखवतो, वादळाचे मग पाहू म्हणतो. आणि शिष्यांचेही एक मानले पाहिजे. त्यांनी गाऱ्हाणे ज्याचे होते त्यालाच ऐकवले. ते शेजारच्या होडीला सांगत बसले नाहीत. मार्कने मुद्दाम नोंदवले आहे, की त्या रात्री इतर होड्याही बरोबर होत्या.

बाई रडू लागल्या तेव्हा पतीने फोन बंद केला. ते काही बोलले नाहीत, उठून तिच्या बाकावर जाऊन बसले. तासाभराने पाऊस ओसरला. संध्याकाळी तेथे हाऊसबोटी काठाला लावून ठेवतात, कारण मग मच्छीमार जाळी टाकतात. त्यामुळे त्या दोघांना कोठे जायचे नव्हते. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी वाडीचे सगळे सांगितले, मुलाच्या शिक्षणाचे कर्जही सांगितले, जे तिला ठाऊकच नव्हते. तिनेही आठ महिन्यांचे सांगितले. बराच वेळ भांडण झाले म्हणे, खलाशी चहा ठेवून निघून गेला.

वाडी विकायची की नाही, ते अजून ठरलेले नाही. आता दलालाचा फोन आला की दोघेही ऐकतात.

आपला,
फादर