राग कुणी आवरायचा?

रागावर औषध सांगणारे आता गल्लोगल्ली झालेत. श्वास घ्या, डोळे मिटा, माफ करा. पण सांगतो कोण आणि ऐकतो कोण, एवढं बघा. शेठ, राग आवरा, असं मालकाला कुणी म्हणत नाही. जातीवरून शिवी देणारा मोकळा, आणि शिवी खाणाऱ्यानं डोकं थंड ठेवायचं! म्हणून आपली पोरं हा विषयच टाळतात. मी टाळत नाही. मेंदू काय त्यांच्या बापाचाय?

मेंदूत दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आतल्या अंगाला, बदामाएवढा एकेक तुकडा असतो. ॲमिग्डाला. धोका दिसला की शब्द सुचायच्या आधीच तो छातीचे ठोके वाढवतो, मुठी आवळतो. कपाळामागचा भाग विचार करणारा, पण तो जरा मागाहून पोचतो. शिवी ऐकून मस्तकात तिडीक जाते ती अशी. कुणाच्याही जाते. 'ह्यांची जातच तापट' म्हणणाऱ्याला हे ऐकवलं पाहिजे.

२००३ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. माणसाला यंत्रात झोपवून पडद्यावर चेंडूचा खेळ दिला. थोड्या वेळानं बाकीचे दोघं त्याच्याकडं चेंडू टाकीनात. झालं एवढंच. तर शरीराला दुखतं तेव्हा मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच जागा झाला. दोन्ही वेदना खरंच एक का, ह्यावर पुढं शास्त्रज्ञ भांडले. भांडोत. हॉटेलात वेगळी कपबशी मिळालेल्या आपल्या आज्ज्यांना विचारलं असतं तर यंत्र लागलं नसतं.

लीबरमन नावाच्या संशोधकाचं २००७ सालचं काम मला जास्त जवळचं. चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेचं नाव निवडायला लावलं, तर ॲमिग्डाला निवला, कपाळामागचा भाग कामाला लागला. आपण कविता लिहितो ती उगाच नाही. नुसतं 'राग' म्हणून भागत नाही. खरवडलं की त्याखाली लाज निघते, नोकरी जायची भीती निघते.

त्याच साली दुसरा प्रयोग झाला. सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्यांचा ॲमिग्डाला वाईट चित्रं बघून झोपलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त भडकला. आता सूतगिरणीत रातपाळीला तुटलेले धागे सांधत फिरायचं, आणि दिवसा तापल्या पत्र्याखाली, पोरांच्या कालव्यात पडायचं. त्याला कसली मनःशांती शिकवता? आधी पाळीचं बोला, घराचं बोला.

पण मग राग थंड केला तर लढायचं कशानं? २० मार्च १९२७ ला महाडात चवदार तळ्याचं पाणी प्यालेल्या आपल्या माणसांवर काठ्या पडल्या. उलटून मारायला हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी ते आवरले. राग विझला का? २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जळाली, आणि तळ्याचा खटला १९३७ साली हायकोर्टात जिंकेपर्यंत चालला. कपाळामागचा भाग जागा ठेवणं म्हणजे काय, ते मला हितं कळतं.

तेव्हा मनाच्या डॉक्टरकडं जायचं का? बेशक जायचं. आपल्यातली कितीतरी पोरं आतल्या आत जळून दारूत गेली. फक्त तिथं बसल्यावर झोप लागत नाही एवढंच सांगून उठायचं नाही. शिवी कुणी दिली, कुठं दिली, तेही सांगायचं.